पिंजाऱ्याच्या डब्यातला कापूस

१

डबा फळीवर जिथल्या तिथं होता, झाकण घट्ट बसलेलं होतं आणि त्यावर चिकटवलेल्या कागदावर तातेराव मास्तरांच्या वळणदार अक्षरात ‘पिंजारी’ असं लिहिलेलंही होतं. म्हणूनच आतली कार्डं नाहीशी झाली आहेत हे मास्तर गेल्यावर नऊ दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी त्यांच्या मुलीनं, प्रियानं, झाकण उचकटलं. आत पिवळट कापूस ठासून भरला होता. तिनं तो सगळा उपसला, डबा पालथा केला, बुडावर दोन चापट्या मारल्या. एक कार्ड पडलं नाही.

तिनं धर्मराज जमादारांना फोन केला. हे जमादार म्हणजे पोलिसातून निवृत्त होऊन बारा वर्षं झालेले गृहस्थ. उभ्या नोकरीत आपण एकही मोठा गुन्हा उलगडला नाही, हे ते स्वतःच सांगत आणि वर हसत. पण मास्तरांचा त्यांच्याइतका जवळचा माणूस टेंभुर्णीत दुसरा नव्हता. मास्तरांना धंद्यांच्या शब्दांचं वेड होतं. कुंभार चाकाखालच्या खुंटीला काय म्हणतो, कल्हईवाला भात्याच्या तोंडाला काय म्हणतो, साळ्याच्या मागाचा कुठला भाग कुठल्या नावानं ओळखायचा, हे विचारत मास्तर तीस वर्षं गावोगाव फिरले. शेवटची बारा वर्षं ते जमादारांच्या स्कूटरवर मागं बसून फिरले. एका शब्दाला एक कार्ड आणि एका धंद्याला एक पत्र्याचा डबा, असा त्यांचा हिशेब. डब्याच्या कडीला त्या धंद्याची खूण बांधलेली असे. चांभाराच्या डब्याला आरी, कुंभाराच्या डब्याला खापरी आणि पिंजाऱ्याच्या डब्याला तातीचा तुकडा. तात म्हणजे पिंजाऱ्याच्या कमानीची आतड्याची दोरी, तिच्याच थरथरीनं कापूस मोकळा होतो.

असे बारा डबे भरले होते. तेराव्यावर ‘पोलीस’ लिहिलेलं होतं आणि तो रिकामा होता. मास्तर दर महिन्याला विचारत, “जमादार, तुमच्या खात्याचे शब्द कधी देता?” आणि जमादार म्हणत, “बघू की, पळून चाललेत का शब्द?” आता विचारणारेच निघून गेले होते आणि त्या रिकाम्या डब्याकडे बघायचं धाडस जमादारांना होत नव्हतं.

“काका,” जमादार घरी येताच प्रिया म्हणाली, “मला चोर माहीत आहे. हा डबा मी जाळून टाकीन, असं नदीम बाबांच्या तोंडावर म्हणाला होता.”

२

नदीम हा जाफराबादच्या गयासोद्दीन पिंजाऱ्याचा मुलगा. त्याचं कापूस पिंजायच्या मशीनचं दुकान होतं. पिंजाऱ्याच्या डब्यातले सगळे शब्द त्याच्या बापाच्या तोंडचे होते. मास्तर आणि जमादार अकरा वर्षं दर गुरुवारी त्यांच्याकडे जात होते.

“तू ते ऐकलंस का जाळायचं?” जमादारांनी विचारलं.

“मिथुनसर कार्डं टाइप करत बसले होते, त्यांच्यासमोर म्हणाला. त्याची मुलगी गजाला नर्सिंगला आहे, तिला तिथल्या मुली पिंजारीण म्हणून चिडवतात. म्हणून हा धंदा पुस्तकात नको म्हणे. आणि काका, डब्यात कापूसच का भरला? टोमणाच आहे तो. मी तक्रार देणार.”

“देशील. पण उद्या संध्याकाळपर्यंत थांब.”

“सोमवारी सगळं छापायला द्यायचंय. हा एक डबा तेवढा टाइप व्हायचा राहिलाय. याची दुसरी प्रत कुठंच नाही.” तिनं रिकाम्या डब्याचं झाकण लावून टाकलं. “बाबा दवाखान्यात शेवटचं काय बोलले माहितीये? आईबद्दल नाही, माझ्याबद्दल नाही. ‘गयासभाईंचा डबा नीट आहे ना?’ एवढंच. मी म्हटलं, आहे. मला खोटं पाडलं कुणीतरी.”

एकदा एखाद्याचं नाव फिर्यादीत आलं की पुढं काय होतं, हे जमादारांनी तीस वर्षं पाहिलं होतं. नाव निघतं, डाग निघत नाही. आणि इकडं मास्तरांचा उभ्या जन्माचा कोश एका डब्यावाचून अडला होता. त्यांनी मान डोलावली आणि आत मास्तरांच्या पत्नीकडे, गिरिजाबाईंकडे, गेले.

गिरिजाबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. “भाऊजी, त्या खोलीत कोण कोण आलं ते काय सांगू? सगळा गाव येऊन गेला. पर बसायला बाहेर सतरंजी टाकल्ती, आत कुणी आलं न्हाई. मिथुनसर चौथ्या दिवशी आले, परीक्षेच्या कामाला नांदेडला गेल्ते म्हणं. त्यांनी अकरा डबे तपासायला नेले अन् आणून ठिवले. अन् तिसऱ्या दिवशी, राख सावडून आलो त्या दुपारी, गयासभाई आल्ते. लई रडले. तिथंच आत बसले मास्तरांच्या गादीपाशी.”

“ती गादी कुठंय?”

“दिली की त्येंलाच. गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठिवू नगं म्हणून शेजारणी मागं लागल्या. आपण हे मानत न्हाई, मास्तर असते तर वसकन अंगावर आले असते. पर मी एकटी कुणाकुणाला तोंड देऊ? फेकायची तर जिवावर आलं. गयासभाईंनीच केल्ती ती, पंधरा किलो कापूस. ते म्हणले, भाभी, फेकू नका, मला द्या. मी च्या टाकायला गेले तवा कितीसा कापूस चांगलाय ते बघत बसले. मंग नदीमनं आपल्या गाडीत घातली.”

“नदीम आत आल्ता?”

“न्हाई. भांडण झाल्तं ना. दारातूनच हात जोडले त्यानं. गादी दोन पोरांनी बाहेर नेली.”

जमादारांनी डब्यातला मूठभर कापूस रुमालात बांधून घेतला. चोरानं कार्डं नेली ते ठीक, पण डबा भरायला त्याला कापूसच का सुचला? खोलीत कोपऱ्याला कमरेएवढी वर्तमानपत्रांची रद्दी होती. हाताशी रद्दी असताना माणूस कापूस घेऊन कशाला येईल?

३

मिथुनसर शिकवणी घेत होते. जमादारांना बघून त्यांनी मुलांना सुट्टी दिली आणि काही विचारायच्या आतच सांगून टाकलं, “हो, मी रागावलो होतो मास्तरांवर.”

“कशामुळं?”

“दोन हजारावर शब्द टाइप केले मी, काका. फुकट. अकरा डबे. आणि बारावा मागितला की म्हणायचे, तो राहू द्या, त्याचं मीच बघतो. मला वाटलं, मी शिकलेला माणूस, एखादी चूक काढीन म्हणून देत नसतील. एकदा तर डबा माझ्या हातातून काढून घेतला.”

“डबा उघडलात कधी?”

मिथुनसर ओशाळले. “एकदा. ते जेवायला गेल्ते तेव्हा. दोन गठ्ठे होते. एक लाल दोऱ्यानं बांधलेला, बोटाएवढा. दुसरा चार बोटं जाडीचा, त्याला नुसती सुतळी. बाकीच्या डब्यांत सगळी कार्डं लाल दोऱ्यातच आहेत. सुतळीचा गठ्ठा मी दुसऱ्या कुठल्या डब्यात बघितला नाही.”

“काय होतं त्यात?”

“पहिलंच कार्ड वाचणार तोच पावलं वाजली. गुपचूप ठेवून दिला.” दारापर्यंत सोडायला येत ते म्हणाले, “काका, मी चोरला न्हाई. त्या माणसानं मला शिकवलंय.”

जमादारांना ते पटलं, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. ते लाल दोऱ्याचा विचार करत घरी आले. मास्तरांचा एक नियम त्यांना पाठ होता. एका माणसानं सांगितलेला शब्द ही नुसती बातमी. त्याच धंद्यातल्या दुसऱ्या माणसानं, पहिल्याला न विचारता, तोच सांगितला की मग तो शब्द. याला मास्तर ‘दुसरं तोंड’ म्हणत. दुसरं तोंड मिळालं की कार्ड लाल दोऱ्यात जाई. जमादारांना हा नियम फार आवडायचा. एका साक्षीदारावर त्यांच्या खात्यातही काही सिद्ध होत नसे.

मग चार बोटं जाडीचा गठ्ठा लाल दोऱ्याबाहेर का राहिला? पिंजाऱ्याचं दुसरं तोंड शोधायला तर ते दोघं धावड्यालाही गेले होते, गयासभाईंच्या नात्यातल्या एका म्हातारीकडे. नऊ वर्षं झाली असतील. जमादार बाहेर लिंबाखाली चहा पीत बसले होते. मास्तर घरातून बाहेर आले ते हसत, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसत. “काय झालं?” विचारलं तर म्हणाले, “काही नाही. चला, जाफराबादला गुरुवार चुकायला नको.” त्यानंतर ते धावड्याला परत कधी गेले नाहीत.

जमादारांनी खाटेवर बसून रुमाल सोडला आणि कापूस नाकाजवळ नेला. ते तसेच बसून राहिले.

कापसाला निलगिरीच्या तेलाचा वास येत होता.

४

मास्तर बारा महिने गुडघ्यांना निलगिरीचं तेल चोळत. स्कूटरवर मागं बसले की तो वास जमादारांच्या मानेपाशी असायचा. स्मशानात त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, पोलिसाचं मन म्हणून लोकांनी सोडून दिलं होतं. आज मूठभर कापूस तोंडाशी धरून ते लहान मुलासारखे रडले. चांगलं अर्धा तास रडले, तोंड धुतलं आणि मगच त्यांचं डोकं चालू लागलं.

कापूस मास्तरांच्या गादीतला होता. चापट, दबलेला, वर्षानुवर्षं अंगाखाली राहिलेला. म्हणजे कुणी कापूस बरोबर आणलाच नव्हता. गादी उसवून तो काढला होता आणि काढलेला कुठं ठेवायचा म्हणून डब्यात कोंबला होता. मग गादीत काय गेलं, हे सांगायला पोलीस कशाला हवा?

हे कधी घडलं असेल? गादी तिसऱ्या दिवशी घराबाहेर गेली, त्याच्या आत. मिथुनसर आले चौथ्या दिवशी. ते सुटले. नदीमनं उंबरा ओलांडला नव्हता. तरी जमादार सकाळच्या जीपनं जाफराबादला गेले, कारण माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे.

नदीमच्या दुकानात मशीन घरघरत होती आणि रंगीबेरंगी भुसा उडत होता. बनियनच्या कारखान्यातल्या चिंध्या पिंजून तो स्वस्तातल्या गाद्या भरी. त्यानं मशीन बंद केली.

“मालूम है, चाचा. प्रियाताईचा फोन आल्ता. हां, म्हणलो होतो जाळीन. रागात म्हणलो. पर ज्या माणसासाठी अब्बा दर जुम्मेरातला दाढी करून बसायचे, त्याचे कागद मी जाळीन का?”

“अब्बा कसे आहेत?”

“जेवून न्हाई राह्यले बराबर. मास्तरांची गादी आणली तशी तिच्यावरच बसून आहेत. म्हणलो, द्या, मशीनीत घालून नवी करून देतो. तर ओरडले माझ्यावर. अब्बा कधी ओरडत न्हाई, चाचा.”

“तुला गादीला टाके घालता येतात का रे?”

नदीम कसंनुसं हसला. “त्याच्यावरून तर अब्बा बोलतात. सुई धरता येत न्हाई मला. टाक्यांना बाया ठिवल्यात.”

जमादार मागल्या दाराकडे निघाले. चहा उकळेपर्यंत पंधरा किलोची गादी उसवायची, आत जागा करायची आणि कुणाला संशय येणार नाही असं शिवून टाकायचं, असे हात सबंध तालुक्यात दोनच राहिले होते. पण हात सापडले तरी कारण सापडत नव्हतं. स्वतःचेच शब्द माणूस का चोरेल?

५

मागल्या खोलीत भिंतीला पिंजण टांगलेलं होतं. पिंजण म्हणजे पिंजाऱ्याची ती मोठी कमान, पण तिची तात सैल पडली होती. खाली मास्तरांची निळ्या पट्ट्यांची गादी, आणि तिच्यावर गयासोद्दीन. दाढी वाढलेली. टोपीत मात्र सुई खोचलेली, तिच्यावाचून ते कधी दिसत नसत.

“बैठो, जमादारसाब. मला ठाव होतं तुमी येनार.”

जमादार त्यांच्याशेजारी गादीवर बसले. हातानं चाचपलं. एका कोपऱ्यात काहीतरी कडक लागलं. त्या कोपऱ्याची शिवण बाकीच्या शिवणीपेक्षा पांढरी होती.

“गयासभाई, रद्दी भरली असती डब्यात, तर मला हे कळलं नसतं.”

“रद्दीवर लिव्हलेलं असतं,” म्हातारा हळू म्हणाला. “मास्तरांच्या डब्यात कायबी लिव्हलेलं कसं भरू? मला तर वाचताबी येत न्हाई त्यात काय लिव्हलंय ते. मी उर्दू शिकलेला मानूस. डबाबी तातीवरून वळखला. मीच दिल्ती ती.”

“कशासाठी नेलीत कार्डं?”

गयासोद्दीन टोपीतली सुई काढून बोटात फिरवत राहिले.

“जमादारसाब, धंद्याला शब्द लागतात किती? पिंजण, तात, पेळू, खोळ. पहिल्या दोन सालांत सारे सांगून झाले. चाळीस-पंचेचाळीस. बस. मास्तरांनी विचारलं, और? त्याच साली माझी घरवाली, अनवरी, गेल्ती. नदीमनं मशीन आणल्ती. हे पिंजण भिंतीला गेलं. दिवसभर कुनी माझ्याशी बोलत न्हवतं, अन् बोललं तर मशीनीच्या आवाजात ऐकू येत न्हवतं. मास्तर वही मिटून राह्यले होते. आता हा मानूस परत येनार न्हाई, असं वाटलं. मी म्हणलो, है ना, लई हैत. अगले जुम्मेरात को आव.”

“आणि पुढल्या गुरुवारी?”

“हप्ताभर बसून एक शब्द केला. मास्तरांनी लिव्हून घेतला. मंग दुसरा केला. नऊ सालं, जमादारसाब. नऊ सालं मी त्या मानसाला खोटे शब्द सांगितले, अन् तो बिचारा मान हलवून लिव्हून घेत राह्यला.”

ते सगळे गुरुवार जमादारांच्या डोळ्यांसमोर होते. आपण बाहेर स्कूटर पुसत थांबत होतो, आणि आत हे चाललं होतं.

“मय्यतीला आलो,” गयासोद्दीन पुढं म्हणाले, “तवा पोरगी सांगत होती, किताब छापायचीय, मोठे मोठे लोक तपासनार. माझ्या काळजात धस्स झालं. माझं काय, मी खोटाच. पर लोकं म्हणतील, मास्तर येडा होता, एका बुढ्ढ्यानं त्याला बनवलं. मंग ते बाकीच्या डब्यांवरबी थुंकतील. तीस सालाची मेहनत माझ्यापायी जाईल.” त्यांनी गादीच्या त्या कोपऱ्यावर हात ठेवला. “जाळायला नेली. पर त्यात खरे शब्दबी हैत. माझ्या बापाचे हैत. खरं कोनतं, खोटं कोनतं, मला वाचता येत न्हाई. नदीमला वाचायला द्यावं तर त्याला कळंल आपला बाप कसा है. म्हनून हा असा बसून आहे. जाळता येत न्हाई अन् देता येत न्हाई.”

त्यांनी सुई शिवणीत घातली आणि चार टाके उसवून कोपरा मोकळा केला. आत हात घालून दोन गठ्ठे बाहेर काढले आणि जमादारांच्या मांडीवर ठेवले.

“तुमाला वाचता येतं. तुमी खोटे काढा. मी इथंच जाळतो. खरे पोरीला द्या. अन् माझं नाव लिव्हायचं तिथं लिव्हा. मी ना म्हननार न्हाई.”

६

खोटे निवडायची गरजच नव्हती. ते आधीच निवडून ठेवलेले होते.

लाल दोऱ्यात सेहेचाळीस कार्डं होती. प्रत्येकावर दोन नावं, एक गयासोद्दीन आणि दुसरं धावड्याच्या म्हातारीचं. सुतळीत दोनशे बारा होती. त्यांवर एकच नाव आणि ‘दुसरं तोंड’ यापुढं नुसती रेघ. जमादारांनी सगळ्यात वरचं कार्ड उचलून वाचलं.

“झुमरी. पिंजताना उडून भुवईवर बसणारा कापूस.”

“वो पहला था,” गयासोद्दीन मान खाली घालून म्हणाले. “खोटा.”

जमादारांनी कार्ड उलटलं. मागं बारीक अक्षरात मजकूर होता. त्यांनी तो मनात वाचला, चष्मा पुसला आणि मग मोठ्यानं वाचला.

“धावड्याला जाऊन विचारले. म्हातारी हसली. असला शब्द जन्मात ऐकला नाही म्हणाली. गयासभाईंनी तो माझ्यासाठी केला असावा. त्यांना विचारणार नाही. पुढच्या गुरुवारी जायचेच.”

जमादार वाचत गेले. “खामोशा. तात थांबल्यावर कानात राहतो तो आवाज.” मागं लिहिलं होतं, ‘आज मशीन बंद होती. गयासभाई बरेच बोलले.’ त्याच्याखालचं कार्ड होतं, “अनवार. दोघांच्या गादीची न दबलेली बाजू.” जमादारांनी तेही उलटून वाचलं. ‘अनवरीभाभी जाऊन आज दोन वर्षे झाली. शब्द सांगून गयासभाई भिंतीकडे बघत राहिले. मी लिहून घेतला. पुढच्या वेळी जिलेबी न्यावी, त्यांना आवडते.’

“मालूम था?” गयासोद्दीनांनी विचारलं. “मास्तरांना मालूम होतं?”

“पहिल्या शब्दापासून.”

“फिर भी आते रहे?”

“ऊन असो, चिखल असो. मीच आणत होतो ना त्यांना.”

म्हाताऱ्यानं टोपी काढून तोंडावर धरली. त्यांचे खांदे हलत होते, पण आवाज येत नव्हता. जमादारांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पंचनाम्याच्या वेळी कितीतरी रडणाऱ्या माणसांसमोर ते आयुष्यभर कोरडे राहिले होते. आज ते म्हाताऱ्याबरोबर रडले आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

गठ्ठ्याच्या तळाशी एक कार्ड वेगळं होतं. अक्षर हललेलं, दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यातलं. ‘हे दोनशे बारा शब्द कोशात घालू नयेत. फाडूही नयेत. गयासभाईंना परत द्यावेत. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून सोबत वाचून दाखवणारा माणूस पाठवावा. जमादार जातील.’

डबा नीट आहे ना, असं मास्तरांनी शेवटी का विचारलं होतं, ते आता कळलं.

संध्याकाळी जमादारांनी प्रियाच्या हातात लाल दोऱ्याचा गठ्ठा दिला. “हा तुमचा बारावा डबा. सेहेचाळीस शब्द, पुरे.”

“कुठं सापडला? कोणी नेला होता?”

“तुझ्या बाबांच्या गादीत होता. नदीमचा काही संबंध नाही, त्याला फोन करून माफी माग.” ती आणखी विचारणार, तेवढ्यात त्यांनी शेवटचं कार्ड तिच्यापुढं धरलं. तिनं वडिलांचं अक्षर दोनदा वाचलं, पदर डोळ्यांना लावला आणि पुढं काही विचारलं नाही. निघताना जमादारांनी फळीवरचा तेरावा डबा काढून बगलेत मारला.

गुरुवार आला. जमादार स्कूटरवर एकटेच जाफराबादला गेले. मागची सीट मोकळी होती आणि मानेपाशी वास नव्हता. गयासोद्दीन दाढी करून गादीवर बसले होते. आज शिवण पुरी घातलेली होती. जमादारांनी आधी वीस कार्डं वाचून दाखवली, पुढून आणि मागून. मग तेरावा डबा उघडला, कोरं कार्ड मांडीवर घेतलं आणि पेन हातात धरून नुसते बसून राहिले.

“कोनता शब्द?” गयासोद्दीनांनी विचारलं.

“मयत. आमच्या प्रत्येक कागदावर असतो. मयत इसम नामे अमुक अमुक. शेकडो वेळा लिहिला मी, कधी हात थांबला न्हाई.”

“मतलब क्या लिव्हनार?”

जमादारांनी हळूहळू लिहिलं आणि वाचून दाखवलं. “ज्याला आता काही विचारता येत नाही असा माणूस.” खाली लिहिलं, ‘सांगणार, धर्मराज, जमादार.’ पुढं ‘दुसरं तोंड’ लिहून ते थांबले.

“हमारे में भी बोलते, मय्यत,” गयासोद्दीन म्हणाले. “लिव्हा. गयासोद्दीन, पिंजारी.”

“दुसरं तोंड त्याच धंद्यातलं लागतं, गयासभाई. नियम है मास्तरांचा.”

“इस शब्द में अपन दोनों एकच धंद्यातले हैत.”

जमादारांनी ते नाव लिहिलं. कार्ड डब्यात टाकलं. एवढ्या मोठ्या डब्यात ते अगदी एकटं दिसत होतं. गयासोद्दीन थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि मग मास्तर विचारायचे अगदी तसंच त्यांनी विचारलं, “और?”

जमादारांच्या मनात आणखी पन्नास शब्द होते. ते एका दुपारी संपले असते.

“लई हैत,” ते झाकण लावत म्हणाले. “पुढल्या जुम्मेरातला सांगतो.”